मागून हाक मारणाऱ्या मॅडम

गांगुर्डे मॅडम कोणत्याच लेकराला समोरून हाक मारत नसायच्या. पोरं खेळत असली का त्या लांबनं वळसा घालून त्यांच्या पाठीमागं जायच्या, आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन, अन् मग हळूच नाव घ्यायच्या. ओरडून नाय. आपण शेजारी बसलेल्या बाईला मीठ मागतो ना, तेवढ्याच आवाजात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ही बाई पोरं पळवणारी हाय का काय.

आमच्या अंगणवाडीच्या ओट्यावर तेव्हा दहा-बारा पोरं बसलेली. माझी इशू, म्हणजे ईश्वरी, पाच वर्षांची, भिंतीला टेकून फरशीवर खडू घासत होती. मी तिला घ्यायला आलेले, फाटकातच उभी. अन् ही बाई, उन्हानं रापलेली, डोक्यावर हेल्मेट तसंच, पोरांच्या मागनं एकेकाचं नाव घेत चाललेली. पोरं वळायची, हसायची. इशूच्या मागं आली, नाव घेतलं. इशू खडू घासत राहिली. परत घेतलं. मग पिशवीतनं स्टीलची वाटी काढून चमच्यानं वाजवली. शेजारची दोन पोरं वळली. माझी नाय वळली.

तिनं मान वर केली अन् थेट माझ्याकडं बघितलं. तिनं काय विचारायच्या आधीच माझ्या तोंडातनं निघालं, "लक्ष नसतं तिचं. हट्टी हाय ती."

"कोण म्हणतं हट्टी?"

"सगळेच म्हणतात."

"तुम्ही पण?"

मी इशूला उचललं अन् तशीच घरी पळाले. दप्तर तिथंच राहिलं.

खरं सांगते, मला आधीपासनं कळत होतं. कुकरची शिट्टी झाली तरी इशू दचकायची नाय, पण मी कुकरकडं बघितलं का तीही बघायची. मी बोलायला लागले का ती माझ्या डोळ्यांत बघायची नाय, तोंडाकडं बघायची. शब्द म्हणावे तर पाच-सात, तेही अर्धे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "आमचा संतोष पण साडेचार वर्षांनी बोलला. आता गप बसतो का?" संतोष म्हणजे इशूचे पप्पा. ते गंगापूर रोडला एका नर्सरीत रोपांचं काम बघतात, आम्ही नर्सरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. ते म्हणायचे, शाळेत गेली का सुधारंल.

अन् मी घाबरायचे. कशाला घाबरायचे ते सांगायलाच पाहिजे, नायतर पुढं मी जे केलं ते कळणार नाय. माझं माहेर हरसूलकडं. तिथं आमच्या शेजारची एक पोरगी बोलायची नाय. कोणीतरी गावात येऊन तिचं नाव लिहून नेलं, अन् मग तिला लांब कुठंतरी मुक्याबहिऱ्यांच्या वसतिगृहात टाकलं. दिवाळीला यायची, परत जाताना आईचा पदर सोडायची नाय, तिची मूठ एकेक बोट करून सोडवायला लागायची. मी तेव्हा आठवीत, माझं शेवटचंच वर्ष शाळेचं. ती मूठ माझ्या डोक्यात बसलेली. नाव लिहिलं का पोरगी गेली, एवढंच मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी नर्सरीच्या फाटकात स्कूटी. मी आत्याबाईंना म्हणलं, सांगा सून घरी नाय. आत्याबाईंनी सांगितलं. मॅडम म्हणल्या, "बरं, मग आजींशीच बोलते," अन् एका पालथ्या कुंडीवर बसल्या. अर्धा तास गुडघेदुखीवर बोलल्या. कोणतं तेल, किती दिवस, जिना चढताना जास्त का उतरताना. मी आत पत्र्याच्या दाराआड, इशूला मांडीत दाबून बसलेली. शेवटी आत्याबाई रंगात आल्या अन् त्यांनीच हाक मारली, "सोनाली, मॅडमना चहा टाक गं."

मी चहा घेऊन बाहेर आले. मॅडम हसल्या नाय. इशूचं दप्तर माझ्याकडं दिलं, चहा बशीत ओतला, फुंकर घातली अन् म्हणल्या, "ईश्वरीच्या आई, मी लेकरं न्यायला येत नाही. मीच येत असते."

त्यांचं काम फिरतीचं होतं. आठ-दहा शाळा, त्यांच्या आसपासच्या अंगणवाड्या. ज्या लेकरांना शिकताना कुठं अडतं, कान, डोळे, बोलणं, समज, ती लवकर हुडकायची अन् त्यांच्या आयांना, मास्तरांना काय करायचं ते शिकवायचं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "घाई एकाच गोष्टीची करायची, कळण्याची. कळलं की मग सावकाश." आयांना असं सांगायच्या अन् स्वतः कायम घाईत. गाडीची किल्ली हातातच. डबा खायचा तो स्कूटीच्या सीटवर उघडून, उभ्यानं. चहा बशीतनं प्यायच्या तोही निवायला वेळ नाय म्हणून. पण लेकरासमोर बसल्या का घड्याळ काढून पिशवीत टाकायच्या. एक शब्द म्हणायच्या अन् थांबायच्या. इतक्या थांबायच्या का मलाच घाम फुटायचा, मी मधीच बोलायचे, "सांग ना इशू, मॅडमला सांग, पाणी म्हण, पाणी." मॅडम माझ्याकडं न बघता बोट ओठावर ठेवायच्या.

घरात आल्या का आधी उजेड बघायच्या. खिडकी कुठंय, बल्ब कुठंय. उजेड आपल्या तोंडावर पडंल अशा बसायच्या, डोळे मिचमिचले तरी चालंल. आत्याबाई म्हणायच्या, "ह्या बाईला फोटो काढून घ्यायची हौस हाय."

एकदा मी त्यांना माझ्या मनातलं सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं. इशू पोटात असताना ग्रहण होतं, आत्याबाई म्हणल्या होत्या स्वस्थ पडून राहा, अन् मी मात्र बसून गवार मोडली होती. चिरली नाय, हातानं मोडली, पण मोडली. त्यामुळंच झालं हे, असं मला पाच वर्षं वाटायचं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणल्या, "त्या दिवशी नाशकात किती बायकांनी भाजी केली असेल? त्या सगळ्यांच्या घरी मला जावं लागलं असतं. माझी स्कूटी बघितली का तुम्ही? ती इथल्या चांदशीपर्यंत नीट जात नाही." मला हसू आलं अन् रडू पण आलं, दोन्ही एकदम.

त्या मनमाडच्या. वडील रेल्वेत होते. एवढंच त्यांच्याबद्दल आम्हाला ठाऊक. एकदा आत्याबाईंनी खोदून विचारलं, हे असलं काम का करता म्हणून, तर म्हणल्या, "माझ्या भावाला आम्ही नऊ वर्षं हट्टी म्हणत होतो, आजी. मी मोठी. ऐकत नाही म्हणून मी पण चापट मारायचे." पुढं काय झालं ते आम्ही विचारलं नाय. त्या किल्ली फिरवत बसल्या.

मार्चमधी शाळेत तपासणीचं शिबिर होतं. इशूला जूनमधी पहिलीत घालायचं होतं. मॅडम म्हणल्या, तपासणीत निघालं का पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवतील, कानाला लावायची मशीन मिळंल, शाळा सुरू व्हायच्या आत कान तयार होतील. "आता गेलं तर दोन महिने हातात आहेत. पहिलीत बसल्यावर गेलं तर ती मागं राहील अन् वर्ग पुढं जाईल." मी मान डोलावली. पण माझ्या डोळ्यांपुढं ती पदर धरलेली मूठ.

मग मी जे केलं ते लिहायला मला अजून लाज वाटते. मी इशूची तयारी करून घेतली. अंगणवाडीतल्या ताईंकडनं मी आधीच विचारून घेतलं होतं, तपासताना काय करतात. पोरीला खुर्चीत बसवतात, एकजण मागनं घंटी वाजवतो, पुढं आई उभी असते पोरगी घाबरू नये म्हणून, आवाज आला का पोरीनं हात वर करायचा. झालं. आठ दिवस रोज दुपारी, इशूचे पप्पा गिऱ्हाइकात असताना, नर्सरीच्या मागं शेडनेटच्या हिरव्या जाळीखाली सावलीत मी इशूला कुंडीवर बसवायचे. आत्याबाई मागं उभ्या राहून वाटी वाजवायच्या. वाटी वाजली का मी पदर खांद्यावर सारखा करायचे. पदर हलला का हात वर. पदर नाय हलला तर हात खाली. पहिल्या दिवशी तिला कळंना. तिसऱ्या दिवशी जमायला लागलं. आठव्या दिवशी एक पण चुकली नाय. आत्याबाई म्हणल्या, "बघ, हाय का काय पोरीला. उगा त्या बाईनं डोक्यात भरवलं." खरंतर वाटी त्यांनीच वाजवलेली अन् पदर हललेला त्यांनाही दिसत होता. पण त्यांनाही तेच पाहिजे होतं जे मला पाहिजे होतं.

शिबिराच्या दिवशी मॅडम बाहेर रांग लावत होत्या. दीडशे लेकरं असतील, कोणी रडतंय, कोणी पळतंय. आत तपासणीवाले सर एकटेच. इशू खुर्चीत बसली, मी समोर. सरांनी घंटी वाजवली, मी पदर सारखा केला, हात वर. डमरू, हात वर. हळू टाळी, हात वर. सर म्हणले, "छान," अन् कागदावर ठीक म्हणून लिहिलं. मी बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. मॅडमनी कागद बघितला. माझ्याकडं बघितलं. मग इशूकडं. इशू माझ्या पदराकडं बघत होती.

"बरं झालं," मॅडम म्हणल्या, अन् पुढच्या लेकराचं नाव पुकारलं.

त्यानंतर स्कूटी आली नाय. एकदा आली, एप्रिलमधी, पण मॅडम फाटकातच थांबल्या. म्हणल्या, "कागदावर ठीक आहे, त्यामुळं मला पुढं पाठवता येत नाही. तुम्हाला काही सांगावंसं वाटलं तर मी सोमवारी-मंगळवारी इकडच्याच शाळांमधी असते." मी म्हणलं, काय नाय मॅडम, चांगली हाय ती. त्या बरं म्हणल्या अन् गेल्या. दोन महिने असे गेले.

जूनमधी इशू पहिलीत गेली. नवीन गणवेश, दोन वेण्या. माझा कामात जीव लागायचा नाय, रोपांच्या पिशव्या भरायला बसले का माती सांडायची. आठवड्यानं डबा विसरला म्हणून मी शाळेत गेले. वर्गाच्या दाराशी पोचले तर बाई हजेरी घेत होत्या. पोरं हात वर करून हजर म्हणत होती. इशू मागच्या बाकावर. अन् मी बघितलं, प्रत्येक नावाला ती हात वर करत होती. पुढं कोणाचा हात हलला का हिचा वर. कोणाचंही नाव असू दे. पुढचं पोर हात खाली घेतंय तेव्हा हिचा खाली. पोरं मागं वळून हसायची अन् ती पण हसायची त्यांच्यासारखी, तिला वाटायचं ती बरोबर करतीय. बाई म्हणल्या, "ईश्वरी, मस्करी पुरे." ते तिला ऐकू गेलं नाय. तिनं परत हात वर केला.

मी डबा दारातच ठेवला.

हे मी शिकवलं होतं तिला. आठ दिवसांत, शेडनेटच्या सावलीत.

सोमवार होता. मी पायीच निघाले. पहिल्या शाळेत म्हणले, मॅडम आत्ताच गेल्या. दुसऱ्या शाळेत शिपाई म्हणला, आल्याच नाय. तिसऱ्या शाळेच्या मैदानात त्या दिसल्या, चपला हातात, एका पोराच्या पाठीमागं. मी लांबनंच बोलायला सुरुवात केली, दम लागलेला, पदर, वाटी, हजेरी, सगळं उलटंसुलटं. त्यांनी आधी मला झाडाखाली बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं.

"सावकाश. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासनं सांगितलं. सांगून झालं अन् मी मान खाली घातली. आता काय बोलतील ते बोलू दे, मारलं तरी चालंल असं वाटत होतं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणल्या, "किती दिवसांत शिकली म्हणालात?"

"आठ."

"आठ दिवसांत. कानानं काही ऐकू न येता, नुसतं बघून, एकही न चुकता." त्या माझ्याकडं वळल्या. "मग पोरगी हुशार आहे की नाही? अन् तिला शिकवणारी?"

मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"शंका आली होती. पण तिथं सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं असतं तर तुम्ही मला परत घरात घेतलं असतं का?" मग म्हणल्या, "माझंही चुकलं. मी आत असायला पाहिजे होतं. अन् एप्रिलमधी मी फाटकातनं परत जायला नको होतं. मी तुमची वाट बघत बसले, अन् दिवस गेले ते ईश्वरीचे."

असं कबूल करणारी शिकलेली बाई मी पहिल्यांदा बघितली. पुढच्या शिबिरापासनं त्यांनी खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवायला लावली, आई मागं. पण त्या दिवशी त्यांनी मला एक अट घातली. "परत तपासणीसाठी मी लिहीन. पण घरी तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर ते माझं ऐकतील, तुमचं नाही, अन् रोज घरात तुम्ही असता."

मी संध्याकाळी सांगितलं. मोगऱ्याच्या रोपांना पाणी घालता घालता, कारण बसून सांगायची हिंमत नव्हती. इशूचे पप्पा झारी तशीच धरून उभे राहिले, एका रोपाला पाणी घालत, ते रोप बुडालं तरी घालत. म्हणले, "आई पण होती यात?" आत्याबाई आतनं म्हणल्या, "होते. मलाच बोल काय बोलायचं ते." दोन दिवस ते जेवताना पण बोलले नाय. मला वाटलं, आता मला माहेरी धाडतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "दवाखान्यात कधी जायचंय?"

मोठ्या दवाखान्यात इशूला झोपवून डोक्याला वायरी लावून तपासलं. तिथं पदर चालत नाय. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, पण मशीन लावली तर येईल, असं निघालं. मॅडम संग होत्या. इशूच्या पप्पांनी त्यांना एकच विचारलं, "हॉस्टेलला टाकायला लागंल का?" तेव्हा मला कळलं का ती भीती त्यांनाही होती, नुसती मला एकटीला नव्हती. मॅडम म्हणल्या, "नाही. हीच शाळा, हेच घर. फक्त बाक बदलेल. अन् तुम्ही मिशा बारीक करा. तुमचे ओठ तिला दिसत नाहीत." त्यांच्या मिशा म्हणजे लग्नाआधीपासनंच्या. चार दिवस आरशापुढं उभे राहायचे अन् परत यायचे. मग उतरवल्या. आत्याबाई म्हणल्या, "अगदी लहानपणीचा दिसायला लागला मेला."

मशीन आली तेव्हा मला वाटलं, लावली का पोरगी बोलायला लागणार. कुठलं काय. इशू किंचाळली, मशीन ओढून काढली अन् दुसऱ्या दिवशी तर कुठं लपवली ते सापडंचना. सगळी नर्सरी शोधायला लागली. माळी, गिऱ्हाईक, सगळे. संध्याकाळी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पोत्यात सापडली, खोल पुरलेली. मी इशूला धपाटा घालणार तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी माझा हात धरला नाय, नुसतं विचारलं, "सासरी नवीन आलात तेव्हा पहिल्या दिवशी कसं झालं होतं?"

"कसं म्हणजे?"

"सगळे एकदम बोलायचे. कोण कुणाला काय म्हणतंय कळायचं नाही. डोकं गच्च. पळून जावंसं वाटलं ना?"

"वाटलं होतं." आत्याबाई शेजारीच होत्या, पण मी म्हणलं.

"तिला तसं झालंय. अर्धा तास लावा, काढा. उद्या परत अर्धा तास. पंखा बंद करून. एकाच माणसानं बोलायचं."

तसं केलं. अर्धा तास, मग एक तास. मॅडम नर्सरीतच शिकवायला लागल्या. कुंडी हातात घेऊन, तोंडापुढं पुठ्ठा धरून म्हणायच्या, मोगरा. जास्वंद. तुळस. इशूनं बरोबर रोपाला हात लावायचा. शाळेच्या बाईंशी पण त्या बोलल्या, इशूला पुढच्या बाकावर आणलं, अन् बाईंनी फळ्याकडं तोंड करून बोलायचं बंद केलं. बाई मला एकदा म्हणल्या, "मला वाटायचं ती मस्करी करते हो." मी म्हणलं, मला ठाऊक हाय तुम्हाला तसं का वाटलं ते. दिवाळीच्या सुमारास इशूनं आत्याबाईंना पाठमोऱ्या असताना आजी म्हणून हाक मारली, अन् आत्याबाई वळल्या नाय, कारण त्यांना सवयच नव्हती. तिनं परत मारली. चिडून.

आता लिहिताना सोपं वाटतं. तसं नव्हतं. अजून नाय. तिचे शब्द तुटतात, वर्गापेक्षा ती मागं हाय, मशीनचा सेल संपला का मला धडकी भरते. मॅडम म्हणायच्या, ते वाया गेलेले महिने आपण पुढं भरून काढू. कधी भरून निघतील ते त्यांनी कधी सांगितलं नाय, अन् मी विचारायला घाबरते.

यंदा मार्चमधी परत शिबिर आलं. त्याच्या आठवडाभर आधी मॅडमनी सांगितलं, त्यांना आता हरसूलकडच्या शाळा दिल्यात, हे आमच्यातलं शेवटचं. मी म्हणलं, मग इशूचं काय. म्हणल्या, "दुसऱ्या मॅडम येतील. अन् तुम्ही आहात." मग किल्ली फिरवत म्हणल्या, "एक काम करा माझं. तपासणी सुरू व्हायच्या आधी आया बसलेल्या असतात. त्यांना पदराचं सांगा."

मी म्हणलं, मेले तरी नाय सांगणार. चारचौघींत माझी अब्रू.

"मी सांगून उपयोग नाही, ईश्वरीच्या आई. मी सांगितलं की त्या मान डोलवतात. तुम्ही पण डोलावली होती."

शिबिराच्या सकाळी चाळीसेक बाया सतरंजीवर बसलेल्या. मॅडम सगळ्यात मागं, खुर्चीवर. मी उभी राहिले अन् बोलायला लागले. सुरुवात कुठनं केली ते आता आठवत नाय. वाटीचं सांगितलं, पदराचं सांगितलं, हजेरीचं सांगितलं. कोणीतरी हसलं, मग थांबलं. ग्रहणाचं सांगायचं नव्हतं पण तेही निघून गेलं.

आत तपासणी सुरू झाली, बाया उठायला लागल्या. तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ आली, माझ्यापेक्षा लहानच असंल, कडेला पाच-सहा वर्षांची पोरगी. हळू आवाजात म्हणली, "ताई, हिला लांबचं दिसत नाय. डोळ्यांच्या तक्त्याचा मी मोबाइलवर फोटो काढून आणला होता. पंधरा दिवस पाठ करून घेतलाय. खालच्या ओळीपर्यंत. आता काय करू?"

मी मॅडमना शोधायला मागं बघितलं. खुर्ची रिकामी. त्या आत गेलेल्या, रांगेपाशी.

"मॅडम रागावतील का?" ती म्हणली.

नाय रागावणार, असं मी म्हणू शकले असते. पण तिला ते माझ्याकडनं ऐकायचं नव्हतं, तिला कोणीतरी संग पाहिजे होतं. मी तिचा हात धरला. "चला," मी म्हणलं, "आत जाऊन सांगू. मी हाय."

आम्ही रांगेकडं निघालो. तिची पोरगी आमच्या पुढं उड्या मारत चालली होती, तक्त्याच्या ओळी मोठ्यानं म्हणत, एक पण अक्षर न चुकता.